शूर जवानाचा सत्कार

आमच्या वर्गातला एकच मुलगा सैन्यात गेला, आणि तोही असा की ज्याला शाळेच्या कवायतीत डावं-उजवं कळत नसे. ‘दाहिने मुड’ म्हटलं की सगळी रांग उजवीकडे वळायची आणि हा डावीकडे, की झालाच शेजारच्याच्या नाकाचा भुगा. शेजारी मी असायचो. माझं नाक आजही किंचित वाकडं आहे आणि त्याला दुसरं कुठलंही कारण नाही.

नववीत गणिताने त्याची वाट लावली, तसा तो भरती झाला. नंतर कितीतरी वर्षं आमची गाठ पडली नाही. बांगलादेशच्या लढाईला तीन-चार वर्षं झाली असतील, एका रविवारी तो मला मार्व्याच्या धक्क्यावर दिसला. कडक इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, भरघोस मिश्या. मी मिठी मारली. त्याने मला निरखून पाहिलं आणि भाबडेपणाने विचारलं, “तुझ्या नाकाला काय झालं रे?” मी त्याला होडीतून ढकलून देणार होतो, पण होडी अजून यायची होती.

दोघंही एकाच घरी निघालो होतो. मनोरीला आमचा तिसरा दोस्त राहायचा, कोळ्यांच्या ख्रिस्ती घरातला. शाळेत असताना रोज खाडी ओलांडून मालाडला यायचा आणि उशीर झाला की भरती-ओहोटीवर ढकलायचा. आता कारखान्यात फिटर होता. त्याच्या ओट्यावर टेकल्या टेकल्या आमचा जवान म्हणाला, “यार, माझी वाट लागलीय.”

“का रे? लढाई परत सुरू झाली?” मनोरीवाल्याने विचारलं.

“सव्वीस जानेवारीला आमच्या चाळीत सत्यनारायणाची पूजा आहे. पूजेनंतर माझा सत्कार. शाल, नारळ आणि वर भाषण. लढाईत काय पराक्रम केला ते सांगायचं.”

“मग सांग ना!”

“अरे, मी लांगरी होतो.”

आम्ही दोघं आदराने बघत राहिलो. तोफेवरचा मोठा हुद्दा असावा असं मला वाटलं.

“लांगरी म्हणजे आचारी रे,” तो कळवळून म्हणाला. “पलटणीचं जेवण करायचो मी.”

आम्ही ओट्यावर गडाबडा लोळलो. तो मात्र हसेना. पहिल्या सुटीत शेजारच्या एका काकांनी परस्परच सगळ्यांना सांगून टाकलं होतं की पोरगा सरहद्दीवर बंदूक चालवतो. हा गप्प बसला. भरती झाल्यावर स्टुडिओत बंदूक धरून काढलेला फोटो भिंतीवर होताच. तेव्हापासून दिंडोशीच्या अलीकडच्या त्या चाळीत त्याची मालवणी आई म्हणजे ‘जवानाची आई’. नळावर बायका तिला आधी हंडा लावू देत. “आता हे बाहेर आलं तर तिने चाळीत तोंड कसं दाखवायचं? बाप गेल्यावर तिला दुसरं काय आहे रे?” असं म्हणताना त्याचे डोळे भरून आले. मग मीही हसायचं थांबवलं. मनोरीवाला थोडा वेळ हसत राहिला, पण तो स्वभावच होता त्याचा.

भाषण रचायचं मी अंगावर घेतलं. शाळेत माझे निबंध वर्गात वाचून दाखवत, ही गोष्ट मी कुणालाच विसरू दिलेली नाही. मी एक रणगाडा घातला. मनोरीवाल्याच्या आग्रहाखातर एक विमानही घातलं. जवान म्हणाला, रिकाम्या हातांनी मला पाठ होत नाही, मी तोवर जेवण करतो. तसा तो चुलीपाशी बसला आणि तालीम सुरू झाली.

“समोरून शत्रूचा रणगाडा धडधडत आला, आणि मी...” मी म्हणालो. “पुढे?”

“आणि मी कणीक मळत होतो.”

“कणीक नाही रे! मी छाती काढून उभा राहिलो!”

“उभ्याने कशी मळणार? एवढी कणीक बसूनच मळावी लागते.”

मग त्याने आपणहून एक हकिकत सांगितली. एकदा पुढच्या खंदकांत डाळ पोचवायला निघाला असताना जवळच गोळा पडला. हा आडवा झाला, पण पातेलं काही सोडलं नाही. निम्मी डाळ वाचली. सुभेदारसाहेबांनी विचारलं, बाकीची निम्मी का सांडली? मी ही हकिकत ताबडतोब नापास केली. डाळीवर कुणाचा सत्कार झालाय का कधी?

एव्हाना घरातले सगळे टोप भरले होते. त्याला तिघांपुरतं जेवण येतच नव्हतं. “कमी कसं करतात?” तो खरोखरच विचारत होता. कोळीवाड्यातल्या घराघरात कालवण पोचलं, कुत्री तृप्त होऊन आडवी झाली, तरी उरलंच. मनोरीवाल्याची आई दारात येऊन म्हणाली, “कोनाचं लगीन हाय का रं?”

सव्वीस जानेवारीला आम्ही दोघं चाळीच्या अंगणात हजर होतो. आरती झाली, प्रसादाचा शिरा झाला. लाउडस्पीकर गल्लीच्या टोकापर्यंत लावलेले. जवानाची आई पुढेच सतरंजीवर, ठेवणीतलं लुगडं नेसून. मंडळाचे खजिनदार नारळ घेऊन उभे. जवानाने खणखणीत आवाजात सुरुवात केली. विमान छान गेलं. मग तो रणगाड्यापाशी आला, त्याने आईकडे पाहिलं आणि तिथेच अडकला. मी ओठ हलवून पुढचं वाक्य दाखवत होतो.

“आये,” तो माइकमध्ये म्हणाला, “मी लांगरी होतंय गे. जेवाण करी होतंय.”

मनोरीवाल्याने एकट्यानेच टाळ्या वाजवल्या आणि आपणहून थांबवल्या. आई गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठली.

“म्हणजे लढाईत तू उपाशी नाय रवलंस?”

“नाय गे.”

“रोज जेवलंस? गरम?”

“रोज.”

“आणि माका वाटला, माझो झील थंय उपाशी लढता हा,” ती म्हणाली. “माझ्या घशाखाली घास उतरलो नाय रे तेव्हा.”

तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझेच डोळे पाणावले. माझ्या रणगाड्याची तिला काडीची गरज नव्हती. मग तिला काहीतरी सुचलं आणि ती घाबरीघुबरी झाली.

“थंय मासे गावायचे?”

त्याने मान खाली घातली. खोटं बोलायची शेवटची संधी होती, पण त्याने तीही घालवली.

“नाय गे आये. एकदाव नाय.”

तेव्हा मात्र ती पदर तोंडाला लावून हमसाहमशी रडायला लागली.