दाराचं रबर

काल फ्रिजच्या दाराचं रबर चिकटवताना त्या पिवळ्या गोंदाचा वास आला आणि भांडगावचं आमचं अंगण आठवलं.

आप्पांनी जुनी फियाट पुन्हा उभी करायला घेतली होती. माझ्या धाकट्या भावानं परस्पर लग्न केलं म्हणून त्यांनी त्याला दारातून परत पाठवलं होतं, आणि तेव्हापासून आई त्यांच्याशी बोलत नव्हती.

त्या दुपारी शेवटच्या दाराला रबर बसवत होतो. आप्पा बाहेरून ताणायचे, मी आतून दाबायचे, तरी कोपऱ्यात ते सुटायचंच. ओसरीवरून बघणारी आई उठली आणि मला बाजूला सारून गाडीत बसली.

"वढू नका. वल्लं हाय आजून. नुसतं धरा."

"बरं," आप्पा म्हणाले.

रबर चिकटलं. दार नीट लागतंय का बघायला आप्पा तिच्या शेजारी बसले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. काचेतून आईचे ओठ हलताना दिसत होते, पण बाहेर काही ऐकू येत नव्हतं. मला तेव्हा रबराचंच कौतुक वाटलं. आता वाटतं, आईला बोलायला तेवढीच बंद जागा हवी होती.

दुसऱ्या दिवशी दोघं त्याच गाडीतून दौंडला गेले, भावाला आणि सुनेला आणायला.