भिंतीचे दोन बोल्ट

शीतपेयाच्या बाटल्यांचे जुने मशीन टेम्पोतून मेस्त्रींच्या अंगणात उतरवले, तेव्हा त्यांनी आधी त्याचा डावीकडचा वरचा कोपरा पाहिला. तो चेपलेला होता.

"डेपोच्या भंगारखोलीतून उचललंय," हॉटेलमालक म्हणाला. "नाणं टाकलं की बाटली खाली आली पाहिजे, पूर्वीसारखी. लॉबीत ठेवणार आहे. जुन्या वस्तूंचं वेड लागलंय हल्ली लोकांना."

"मग मलाही ठेवा की लॉबीत," मेस्त्री म्हणाले. मालक खळखळून हसला. मेस्त्री मात्र मशीनला हात लावायला धजत नव्हते.

एकतीस वर्षांपूर्वी हेच मशीन डेपोच्या उपाहारगृहात त्यांच्या देखभालीखाली उभे होते. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ तिथेच तिकिटांच्या खिडकीवर बसत असे. एका दुपारी अडकलेली बाटली सुटावी म्हणून त्याने मशीन हलवले आणि ते त्याच्या अंगावर कोसळले. तो जागच्या जागी गेला. चौकशीत मेस्त्रींनी सांगितले, की मशीन भिंतीला दोन बोल्टांनी जखडलेले होते आणि ते बोल्ट आपण स्वतः आवळले होते. ते खोटे बोलले नव्हते. त्यांना तसेच आठवत होते. बोल्ट सापडले नाहीत, ते कोसळताना कुठेतरी उडाले असे सगळ्यांनी धरले. आणि भिंतीतले बोल्ट उपटणाऱ्याने केवढ्या रागाने धक्के दिले असतील, हेही ओघानेच ठरले. घरी ज्याला लाडाने 'उतावळ्या' म्हणत, तो कागदोपत्रीही उतावळा ठरून गेला.

सासूबाई तेव्हापासून लेकीकडेच राहत होत्या. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही जेवताजेवता त्यांचा घास हातात थांबे. "धीर धरायला मीच शिकवलं नाही त्याला. रडला की मागेल ते हातात द्यायची." मेस्त्री त्यांची समजूत घालत. त्या समजुतीत आपला थोडा मोठेपणा आहे, असेही त्यांना आतून वाटत असे.

आठवडाभर त्यांनी गंज खरवडला, दाराचे कडक झालेले रबर बदलले, मोटर सुरू केली. मग नाण्यांची पेटी बाहेर ओढली. तिच्या मागच्या खाचेत चिंधीची पुरचुंडी होती.

मशीनच्या पाठीमागची धूळ काढायची तर ते भिंतीपासून सोडवून पुढे ओढावे लागे. सोडवलेले बोल्ट इतर कारागीर खिशात टाकत आणि हरवून बसत. मेस्त्री ते ग्रीस लावलेल्या चिंधीत बांधून पेटीमागे ठेवत. उभ्या आयुष्यात आपला एकही बोल्ट हरवला नाही, असे ते चारचौघांत सांगत.

हेही हरवले नव्हते. आटे कोरे होते; उपटल्याचा एक ओरखडाही त्यांच्यावर नव्हता.

"अहो, चहा गार करायला मशीन कशाला हवं? तुम्ही एकटे पुरेसे आहात," म्हणत बायको कप घेऊन आली आणि त्यांचा चेहरा पाहून थबकली. त्यांनी सगळे सांगितले. हे मशीन कोणते, हेही तिला तेव्हाच कळले. ती बराच वेळ चेपलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिली.

"आईला सांगू नका."

"त्या स्वतःला दोष देतात गं."

"देऊ दे. सवय झालीय तिला. आता तुमच्यावर राग धरायचं वय आहे का तिचं? आणि माझं?"

मेस्त्री हात न धुताच आतल्या खोलीत गेले. सासूबाई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मेस्त्रींनी दोन्ही बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवले.

"आई, हे त्या मशीनचे. मी काढले होते. परत लावायचे राहिले."

सासूबाईंनी बोल्ट बोटांनी चाचपले. "म्हणजे मशीन मोकळंच होतं?"

"हो."

"मग त्यानं फार जोर लावला नसेल."

"नाही. थोडंसं हलवलं असेल. कुणीही हलवतं."

"एकतीस वर्षं मी माझ्या लेकराला नावं ठेवली, जावईबापू. आणि तुम्ही शेजारी बसून माझी समजूत घातलीत." त्यांनी बोल्ट परत दिले. "घ्या. जिथले आहेत तिथे लावा."

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंचे ताट आतल्या खोलीत जाऊ लागले. धीराचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काही हवे असले, की जगासारखीच हाक मारीत: "मेस्त्री."

हॉटेलच्या लॉबीत लालभडक मशीन उभे राहिले. मेस्त्रींनी गुडघ्यांवर बसून तेच दोन बोल्ट भिंतीत आवळले. मालकाने नाणे टाकले, बाटली खडखडत खाली आली, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मेस्त्रींनी मशीन दोन्ही हातांनी धरले आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून हलवायला सुरुवात केली.

"अहो, आली की बाटली!" मालक ओरडला.

मेस्त्री धक्के देतच राहिले. मशीन जागचे हलले नाही.