शेवटचं बटण

"बोलू नका हं. मला चुकू द्या." खुर्चीत बसण्याआधीच बाई एवढं बजावायच्या, मग चष्मा कपाळावर चढवून संगणकाच्या पडद्याला नाक लावायच्या.

कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सभागृहात आम्ही संगणकवाले महिन्यातल्या एका रविवारी जमायचो. आपण बनवलेलं साध्या माणसाला वापरता येतं का, ते पाहायला. नियम एकच : तो वापरत असताना बनवणाऱ्याने गप्प बसायचं. पुण्यात हे किती अवघड, ते तुम्हाला काय सांगायचं!

आमचा साधा माणूस म्हणजे या बाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त, त्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. एखादी गोष्ट सापडली नाही की विचारायच्या, "लपवायचंच होतं, तर बनवलंत कशाला?" बनवणाऱ्याला त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

त्या रविवारी पाळी माझी. घरबसल्या गॅस सिलिंडर नोंदवायची माझी वेबसाइट नुकतीच सुरू झाली होती. शेवटच्या रांगेत बाईंचा मुलगा बसला होता. आईला आता एकटीला जमत नाही, म्हणून तो तिला बंगळूरला न्यायला आला होता.

"आज त्याला दाखवायचंय," बाई माझ्या कानाशी कुजबुजल्या. "माझ्या घरचा गॅस मी नोंदवते."

खिडक्यांच्या हिरव्या काचांमुळे सभागृह पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं. पंखे सावकाश फिरत होते. स्क्रीनवर बाण तरंगत होता. नाव भरून झालं. ग्राहक क्रमांकही. राहिलं शेवटचं बटण. ते मी, सुंदर दिसावं म्हणून, फिकट राखाडी करून कोपऱ्यात ठेवलेलं. बाण त्याच्या जवळून गेला. थबकला. परत वळला. कुणी हलत नव्हतं. मलाही गुंगी आल्यासारखं झालं, आणि त्या गुंगीतच माझा हात पुढे जाऊन माउसवर पडला. टिक!

"झाली नोंदणी!" मी ओरडलो. वर टाळ्यांची वाटही पाहिली.

"सापडत होतं हो मला," बाई म्हणाल्या.

मागे खुर्ची सरकली. "चल आई," मुलगा अगदी हळू म्हणाला.

आठवडाभर खपून मी ते बटण मोठं, हिरवं, मधोमध आणलं आणि लॅपटॉप काखेत मारून त्यांचा जिना चढलो. दाराला कुलूप. पायरीवर गॅसवाला घाम पुसत बसलेला, शेजारी भरलेला सिलिंडर.

"बाई गेल्या म्हणे मुलाकडं, कायमच्या," तो वैतागला. "मग नोंदवला कुणी?"

"मी."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मग धरा एका बाजूनं."