पाण्याखालची भर

कोणतीही पावडर घेण्याआधी तो पुडी तळहातावर ठेवून डोळे मिटायचा. आळेफाट्यावरच्या माझ्या रंगाच्या दुकानात मागची गिऱ्हाइकं ताटकळायची.

"काय राव, देवाला कौल लावताय का?" कुणी टोमणा मारायचं.

हा डोळे न उघडता म्हणायचा, "पाण्याखाली जायाचंय हे, पावणं. तुमच्या दाराला नाय लावायचं."

दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडे फायबरची दुरुस्ती करणारा तो एकटाच. टेम्पोचे बंपर, पाण्याच्या टाक्या आणि डिंभे धरणावरच्या नावा. धरणात वाटा बुडालेल्या, त्यामुळे पलीकडच्या वाड्यांचा बाजार आणि दवाखाना नावेवरच. काठाच्या दगडांवर ओढून नावेच्या तळाला खोक पडली की तो ती चिकट रेझिनमध्ये पावडर कालवून भरायचा. पावडर कोणती, यावर मलाच धडे द्यायचा. टेम्पोला शंखजिऱ्याची पांढरी भुकटी चालते, पण ती हळूहळू पाणी पिते आणि सुटते. नावेला एरोसिलच हवी, कापसासारखी हलकी. "कोरड्यात सगळंच टिकतं, भाऊ," हे त्याचं पालुपद.

एकदा एरोसिल पुण्याहून आणून ठेवायचं मी कबूल केलं आणि साफ विसरलो. तो सकाळीच आला. नाव काठावर उलटी पडली होती, पलीकडची माणसं खोळंबली होती. विसरलो म्हणायची मला लाज वाटली. आत जाऊन मी शंखजिऱ्याची पुडी बांधली.

त्यानं ती तळहातावर घेतली. या वेळी डोळे लगेच उघडले.

"लई जड लागती, भाऊ. तीच हाय ना?"

"तीच. दुसऱ्या कारखान्याची आहे."

"तुमी म्हणताय म्हंजी तीच."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःच्या हाताला कळलेलं ती दुसऱ्याच्या शब्दापुढे खोटं धरतात.

पुढचे दिवस माझी झोप उडाली. धरणाच्या वाटेवरच्या घोडेगावकडून कुणी आलं की मी उगाच विचारायचो, "नाव चालू आहे ना?" चालू आहे म्हटलं की पुढच्या येणाऱ्याला पुन्हा तेच विचारायचो. सांगायला जावं म्हणून दोनदा मोटरसायकल काढली. दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरच्या मंचरपर्यंत जाऊन परत आलो.

तिसऱ्या आठवड्यात धरणाच्या मधोमध नावेची भर सुटली. नावेत अकरा माणसं होती, त्यांत एक बाळंतीण. बायकांनी हंड्यांनी पाणी उपसलं, पुरुषांनी टोप्यांनी. नाव कशीबशी काठाला लागली.

दुसऱ्या दिवशी नावाडी त्याला घेऊन माझ्या दुकानी आला. सुटलेला तुकडा गल्ल्यावर आपटून ओरडला, "इचारा ह्याला, काय भरलं व्हतं! माणसं मारतो का?"

यानं तुकडा उचलला, नखानं खरवडला. बोटाला पांढरी भुकटी लागली. त्याला कळलं, आणि त्याला कळल्याचं मला कळलं.

"माझंच चुकलं," तो नावाड्याला म्हणाला. "हाताला जड लागली व्हती. तरी भरली."

गल्ल्यावर सांडलेली भुकटी मी फडक्यानं पुसून टाकली.

एसटीनं पुण्याला जाऊन त्यानं स्वतः पावडर आणली आणि खोक पुन्हा भरली. त्यानंतर माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. रस्त्यात भेटला की मात्र रामराम तोच आधी घालायचा. त्यातला एकही रामराम मी कबुलीसाठी वापरला नाही. आता तो जाऊन बरीच वर्षं झाली.

त्या दुरुस्तीनंतर नाव पुन्हा पाण्यात घातली, त्या दिवशी मी डिंभ्याला गेलो होतो. या वेळी मंचरहून परत फिरलो नाही. लोक चढायला कचरत होते. हा पायताण काठावर काढून एकटाच आत गेला आणि नव्या भरीवर अनवाणी बसला. त्याला पोहता येत नाही, हे मला शेजारी उभ्या माणसाकडून तेव्हाच कळलं.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "येता का, भाऊ?"

"दुकान उघडं आहे," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. नावाड्यानं वल्हं टेकवून नाव काठापासून लोटली.