पिकरचा खटका

प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या माझ्या पिस्तुलात घोडा अडवून धरणारा खटका झिजला आणि चाप न दाबताच छर्रा सुटू लागला. मोठा भाऊ म्हणाला, "पितळेचा लावून टाक ना, एकदम पक्का." त्याला सगळंच धातूचं हवं असतं. पितळेनं आजूबाजूचं प्लास्टिक खाल्लं असतं, म्हणून मी ऐकलं नाही. बुऱ्हाणपुरातल्या आमच्या कारखान्यात यंत्रमागावर दिवसभर धोट्याला फटके मारणारा नायलॉनचा पिकर असायचा. तसला एक जुना पिकर कापला, कानशीनं घासला आणि त्याचाच खटका बसवला.

पुढे आमचे सगळे माग भंगारात गेले. कारखान्यातलं काहीच राहिलं नाही, असं भाऊ म्हणतो. मग मी त्याला गच्चीवर नेतो आणि एका छऱ्यात डबा पाडून दाखवतो.