बिनगाडीचे रस्ते

सायकलवर बसण्याआधी आपा भुवड खाली वाकून रस्त्यावर तळहात टेकवत. आजारी माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा, अंदाज घेत. क्षणभर डोळे मिटून थांबत आणि समाधान झालं की हात पँटीला पुसून पेडलवर पाय ठेवत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच ओणवं. बँकेतून माझी मंडणगडला नुकतीच बदली झाली होती. नवरा आणि मुलगी रत्नागिरीला, मी इथे भाड्याच्या खोलीत. वेळ जाता जात नसे म्हणून पहाटे फिरायला जायचे. दिवाळीनंतरचे दिवस होते, कातळावरचं गवत पिवळं पडू लागलं होतं आणि खालच्या खाडीवरून चढून आलेलं धुकं रस्त्यावर पसरलं होतं. एका वळणावर त्या धुक्यात सायकल आडवी पडलेली आणि शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ हातापायांवर. मला वाटलं, पडले. धावत जाऊन लागलं का विचारलं, तर उत्तर नाही. खांद्याला हात लावला तेव्हा वर बघून हसले.

"गाडी येतेय का बघत होतो. कान गेले, हात आहेत अजून."

हाताला खरंच किती कळत असे, देव जाणे. पुढे एकदा रस्त्यातल्या एका मोरीवर मी गुपचूप तळहात टेकवून पाहिला, तर गार डांबराखेरीज काही लागलं नाही. आपांनाही बहुधा तेवढंच लागत असावं. पण त्यांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात गेली होती. यंत्राला हात लावून त्याची तब्येत पाहायची सवय तिथली. निवृत्तीनंतर गावी आले, यंत्र तिथेच राहिलं, सवय बरोबर आली.

कान गेल्याचा दोष ते यंत्राला मात्र कधी लावू देत नसत. कोणी तसं म्हणालंच तर सांगत, "आमच्या घराण्यात कान लवकर जातात. माझ्या बापाचे गेले, आज्याचे गेले. ते काय वीजघरात होते?" कानाला मशीन लावून मोठ्यानं बोललेलं त्यांना अजून थोडंफार कळे, पण ते दिवसेंदिवस कमी होत होतं. त्याहून वाईट म्हणजे डोक्यात सतत एक घरघर चालू असे. झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत. "मी रिटायर झालो, ती नाय झाली," एवढंच ते तिच्याबद्दल बोलत.

या घरघरीवर एकच उतारा त्यांना सापडला होता, तो म्हणजे सायकल. तीसुद्धा बाजाराच्या रस्त्यावर नाही. गाड्या, हॉर्न, डंपर यांनी घरघर उलट चढायची. वस्ती मागे पडली, दोन्ही बाजूंना काजूच्या बागा आणि कुंपणाचे जांभ्या दगडांचे गडगे सुरू झाले, पुढे ऐन-किंजळीच्या रानात रस्ता शिरला, की ती हळूहळू उतरायची. अशा रस्त्यांना ते बिनगाडीचे रस्ते म्हणत. मंडणगड तालुक्यात असे रस्ते पुष्कळ. शेवटच्या वाडीत एखादी एसटी सकाळ-संध्याकाळ जाते, बाकी दिवसभर रस्ता मोकळा, त्यावर सावल्या तेवढ्या सरकतात.

आमची ओळख झाली त्याच सुमाराला मोठ्या रस्त्यावर एक डंपर त्यांना अगदी चाटून गेला. आपांना फक्त हँडलला हिसका बसलेला कळला, मागचा हॉर्न कळलाच नाही. मुंबईहून त्यांचा मुलगा आला आणि सायकलला साखळी घालून किल्ली घेऊन गेला. मी घरी भेटायला गेले तेव्हा आपा पडवीत बसले होते. सुमतीकाकी, त्यांच्या पत्नी, माझ्यासाठी कोकम सरबत घेऊन आल्या. म्हणाल्या, "मुलाचं बरोबर आहे. पण ह्यांच्याकडं बघवत नाय. वाईच बोलत होते, ते पण बंद केलंय." आपा आमच्या तोंडाकडे बघत होते. आपल्याविषयीच चाललंय एवढं त्यांना कळत होतं.

त्याच पडवीतून मी मुलाला फोन लावला आणि सांगितलं, की मी त्यांच्यामागून सायकल चालवीन, त्यांच्यासाठी ऐकीन. मागून गाडी आली तर पुढे जाऊन हात करीन. कॉलेजनंतर सायकलला मी हात लावलेला नव्हता, हे त्याला सांगितलं नाही. त्यानं आधी माझं नाव, बँक, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाला, "फक्त तुम्ही बरोबर असाल तेव्हाच, मॅडम."

मुंबईहून किल्ली आली, मी एक जुनी सायकल मिळवली आणि आमचे रविवार सुरू झाले. आपांची चाल संथ. चढ आला की उतरून सायकल हातात धरायची, त्याची त्यांना लाज नव्हती. "चढ चालायचा, उतार बसायचा, सपाटीला काय करायचं ते सपाटी सांगते," असं ते म्हणत. थांबायचं कुठे हेही त्यांचं ठरलेलं नसे. एखाद्या गडग्यावर ऊन छान पडलेलं दिसलं की थांबायचे. किल्ल्याच्या पायथ्याशी, बाणकोटकडच्या उतारावर जिथून सावित्रीची खाडी रुपेरी दिसते तिथे, नाहीतर कुठल्याशा वाडीतल्या बंद घरांसमोर. मुंबईला गेलेल्या माणसांची ती घरं. अंगणात कोणी नाही, तरी तुळशीला पाणी घातलेलं. आपा अशा घराकडे बघून नमस्कार करायचे. कोणाला करता, असं विचारलं तर म्हणायचे, "पाणी घालून गेलं त्याला."

मी त्यांच्यामागून जायचे ती कान उघडे ठेवून, आणि त्यामुळे मलाच काही वेगळं होऊ लागलं. इतकी वर्षं मी काही ऐकलंच नव्हतं असं वाटायला लागलं. माझ्या टायरखाली सुक्या पानाचा होणारा आवाज, लांब कुठेतरी कोयतीचे घाव, पऱ्ह्याच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या, तळाशी उरलेलं पाणी. माघात काजू मोहरला की त्या वासातून आम्ही असे जायचो, जणू झोपेतच चाललोय आणि वाट आपणहून मागे सरकतेय. कधी कधी मला समोरची ती उंच, पांढरी पाठमोरी आकृती खरी आहे की धुक्याचीच बनली आहे असं होई. मग घंटी वाजवून पाहावंसं वाटे आणि लगेच आठवे, की त्यांना ती ऐकू जाणार नाही.

एका रविवारी ओळखीच्या टेम्पोत सायकली घालून आम्ही पन्हाळेकाजीच्या लेण्यांकडे गेलो. नदीकडे उतरणारा तो रस्ता दाट झाडीतून जातो. आम्ही सकाळीच उतरायला लागलो. समोरून मागून कोणी नाही. पेडल न मारता सायकली आपोआप खाली चालल्या होत्या, अंगावरून ऊन आणि सावली आळीपाळीनं जात होती. अर्ध्या वाटेत आपांनी ब्रेक लावला आणि एक पाय टेकून उभे राहिले. मला वाटलं दम लागला. पुढे जाऊन पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले.

"घरघर बंद झालीय," ते म्हणाले, अगदी हळू. इतक्या हळू बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकत होते.

मग त्यांनी कानातलं मशीन नीट बसवलं आणि मला जवळ बोलावलं. "बाय, आता काय ऐकू येतंय ते सांगा."

मी ऐकू लागले. शीळ घालणारा एक पक्षी होता, माणसासारखी, सूर विसरलेली शीळ. खाली नदी होती. वरून धनेशाची जोडी गेली, तिच्या पंखांचा आवाज, जाड कापड झटकल्यासारखा. मी एकेक त्यांच्या कानाशी सांगत गेले आणि ते मान डोलवत राहिले. नंतर आम्ही लेण्यांत गेलो. एका गाभाऱ्यात अंधारात बसून ते म्हणाले, "हा पण डोंगरच पोखरलेला. माझा जन्म असल्याच पोटात गेला. पण इथं कसं, काम संपवून सगळे घरी गेलेत."

त्या पावसाळ्यात त्यांचं उरलंसुरलं ऐकणं गेलं. एका सकाळी उठले तर काकींचे ओठ हलत होते आणि मशीनमधून काही येत नव्हतं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. काही परत आलं नाही. घरघर मात्र राहिली. आपांनी आपण होऊन सायकल पडवीच्या कोपऱ्यात उलटी ठेवली. मी रविवारी गेले की पाटीवर लिहून विचारायचे, येताय का? ते नको म्हणून मान हलवायचे. आकाश निवळलं, भात पिवळं झालं, कापून झालं, तरी आपा उठले नाहीत. त्यातच माझा रत्नागिरीला परत बदलीचा हुकूम आला. महिन्यांमागून महिने ज्याची वाट पाहिली, तो हातात आल्यावर मी काकींसमोर रडले.

काकी मला धीर देतील असं वाटलं होतं. त्यांनी वेगळंच सांगायला घेतलं. लग्नानंतर पोफळीच्या कॉलनीत आपा त्यांना कॅरिअरवर बसवून फिरवत. एकदा कोणीतरी हसलं, तेव्हापासून त्या बसल्या नाहीत. मग आपांचे कान कमी होत गेले. "ह्यांच्याशी मोठ्यानं बोलावं लागायचं. भाजी संपली, गॅस संपला, हे मोठ्यानं सांगता येतं. बाकीचं हळू बोलायचं असतं ना? ते राहूनच गेलं माझं." एवढं बोलून त्या उठल्या, पदर खोचला आणि कोपऱ्यातली सायकल सरळ करायला लागल्या. आपा बघत राहिले. काकींनी कॅरिअरवर हात आपटून दाखवला आणि मग स्वतःकडे बोट केलं. आपांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते लाजले.

मी जाण्याआधीच्या रविवारी आम्ही तिघं निघालो. खुणा काकींनी ठरवल्या होत्या. मागून गाडी आली की पाठीवर एक थाप, थांबायचं असलं की दोन. पहिल्या वळणापर्यंत सायकल बरीच डगमगली. काकी डोळे गच्च मिटून देवाचं नाव घेत होत्या. बागा लागल्या तशी ती स्थिरावली. एक रिक्षा मागून आली, काकींनी थाप मारली, आपा कडेला झाले, रिक्षा निघून गेली. माझं काम संपलं होतं. मी मुद्दाम मागे राहिले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

पुढे रस्ता रिकामाच होता, सरळ रानापर्यंत. धुकं विरत चाललं होतं आणि त्यात ती दोघं तरंगत असल्यासारखी दिसत होती. गाडीबिडी काही नव्हती, तरी काकींचा हात आपांच्या पाठीवर चालूच होता. थापा नव्हेत, बोटं. कधी हलकी, कधी भरभर, कधी थांबून पुन्हा. आपांची मान मधूनच हो म्हटल्यासारखी हलत होती.

गडग्यापाशी थांबलो तेव्हा मी काकींना विचारलं, गाडी तर एकच आली, एवढं काय सांगत होता त्यांना?

काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सांगत नव्हते गो," त्या म्हणाल्या. "बोलत होते."