भरतातल्या गोळ्या

दिवाळीनंतर मला अंगावरून जायला लागलं. पाळीच्या आधी थोडं पांढरं जातं, ते मला ठाऊक होतं. हे वेगळं होतं. पिवळसर, फेसाळ, वास मारणारं, आणि खाज अशी की शिलाई मशीनवर धड बसवेना. लघवीला गेलं की आग व्हायची.

अमळनेरच्या आमच्या घरात या सगळ्याला एकच नाव होतं. "उष्णता शे ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. "बठ्ठ्या बायास्ले व्हस. सब्जानं पानी पी ले." सगळ्याच बायांना होतं म्हटल्यावर मी पंधरा दिवस सब्जा प्यायले. आग होती तशीच राहिली, फक्त सब्जाचा डबा संपला.

शेवटी कापड आणायचं निमित्त करून जळगाव गाठलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे पाठवलं. त्यांनी माझ्यासमोर दोन हिरवी पाकिटं ठेवली. अगदी सारखी.

"एक तुमचं, एक मिस्टरांचं. दोघांनी एकाच दिवशी घ्यायचं, आणि आठवडाभर जवळ यायचं नाही."

"पण त्यांना काहीच होत नाहीये."

"पुरुषांना बऱ्याचदा कळतच नाही. पण त्यांनी घेतलं नाही, तर तुम्हाला परत होईल."

मी विचारलं, मग आलं कुणाकडून? बाई म्हणाल्या, तपासणीत ते कळत नाही, काही वेळा जुनाट असतं, कित्येक महिने गुपचूप राहतं. म्हणजे त्याच्याकडून? की लग्नाआधीचं? की माझंच? माझं तर कसं असेल? परतीच्या गाडीत माझं डोकं भणभणत होतं. रागवायचं ठरवलं तरी कुणावर रागवायचं ते कळत नव्हतं.

नवरा दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला. तिथेच खोली करून राहतो, रविवारी घरी येतो. त्याच्या हातात हे पाकीट द्यायचं म्हणजे काय सांगून द्यायचं? त्याने विचारलं, "मला कशाला?" तर? आणि उलट मलाच विचारलं, "तू कुठून आणलंस?" तर? तो तसा बोलणारा नाही. पण असं काही आमच्यात कधी घडलंच नव्हतं, तर तो काय बोलेल हे मला कसं ठाऊक असणार?

रविवारी आमच्याकडे भरीत ठरलेलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी बडगीत कुटायची. त्या दिवशी मी माझ्या गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या आणि त्याच्या गोळ्या कुटून भरतात घातल्या. आज लिहिताना स्वतःला एक थोबाडीत द्यावीशी वाटते. तेव्हा मात्र वाटलं होतं, काय डोकं चालवलं!

पहिल्याच घासाला त्याचं तोंड वाकडं झालं. "वांगं कडू निंघनं वं." अक्कांनी बोट लावून चाखलं, थू केलं आणि सगळं भरीत म्हशीपुढे न टाकता उकिरड्यावर नेलं, म्हशीचीही त्यांना काळजी. दुसऱ्या दिवशी त्या बाजारात जाऊन भाजीवालीशी कडाडून भांडल्या आणि बदली वांगी घेऊन आल्या. मी मान खाली घालून ब्लाऊज शिवत होते.

आठवडा मी पाळला. महिन्याभरात सगळं परत आलं, खाज, वास, आग.

पुन्हा जळगाव गाठलं, तर समुपदेशक बाईंनी पहिला प्रश्न हाच विचारला. "मिस्टरांनी घेतलं होतं ना?"

"भरतात दिलं होतं," मी म्हणाले.

बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण त्यांचे खांदे हलत होते. मग त्या गंभीर झाल्या आणि पुन्हा दोन पाकिटं दिली. "या वेळी हातात द्या. सांगून द्या. किंवा त्यांनाच इकडे घेऊन या."

त्या रविवारी अक्का शेजारी गेल्या होत्या. मी दार लोटलं आणि पाकीट त्याच्या ताटाशेजारी ठेवलं. सगळं एका दमात सांगितलं, दवाखाना, आजार, दोघांनी घ्यायचं, दारूला शिवायचं नाही. भरताचं तेवढं गाळलं. आता प्रश्न येईल म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. चार दिवस मशीनवर बसून तीच पाठ केली होती.

त्याने पाकीट फाडलं. मोठी गोळी गिळवेना म्हणून दातांनी तिचे दोन तुकडे केले, आणि त्याचं तोंड तसंच वाकडं झालं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग पाण्याचा घोट घेऊन उरलेल्या गोळ्याही गिळल्या.

"मंग ते वांगं चांगलंच व्हतं?" तो म्हणाला.

मी मान डोलावली. मला हसू आलं, त्यालाही आलं. मी पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले. त्याने भाकरी मोडली, कांदा फोडला आणि जेवायला लागला.

मी बरी झाले, त्या गोष्टीलाही वर्ष होऊन गेलं. पण वांग्याचं विचारणाऱ्या माणसाने आजाराचं एका शब्दानेही विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता म्हणून, की ते कुठून आलं हे त्याला ठाऊक होतं म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. आणि मीही विचारलेलं नाही.